टीचर, एक विचारायचं होतं

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका हायस्कुलात मी एकवीस वर्षं संगणक शिकवला. पहिल्या वर्षी चाळीस मुलांना मिळून तीन यंत्रं होती आणि वीज गेली की तास फळ्यावर व्हायचा. निवृत्त झाल्यापासून हे सदर लिहिते आहे. या महिन्यातल्या पत्रांपैकी पाच घेतली आहेत. सत्तरी तालुक्यातून आलेल्या पत्राला जास्त जागा दिली, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात 2016 साली घेतलेला एक संगणक आहे. पुस्तकांची यादी आणि सभासदांची वर्गणी त्याच्यावरच असते. दुकानदार म्हणतो, विंडोज 10 बंद झालं, विंडोज 11 यावर चढत नाही, हा भंगारात काढा. नवा घ्यायचा तर वर्षभराची सगळी वर्गणी पुरणार नाही. काय करू?
– वाचनालयाचे कार्यवाह, डिचोली तालुका

उत्तर : काका, भंगारात काढू नका. दुकानदाराने सांगितलं त्यातलं निम्मं खरं आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवले. घरगुती वापरणाऱ्यांना वर्षभराची मुदतवाढ दिली, पण ती तात्पुरती मलमपट्टी. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. तुमचं यंत्र त्या अटीत बसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. ते म्हातारं झालेलं नाही.

आधी ते उघडून बघा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपट थर बसतो. प्लग काढा, पट्टी बाहेर घ्या, शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने ते दात हलकेच पुसा. कचरा कोरड्या ब्रशने झाडा, फुंकर मारू नका, फुंकरीत ओल असते. मग दोन्ही बाजूंचे चिमटे टक् करून लागेपर्यंत पट्टी दाबून बसवा. सुट्टीनंतर जूनमध्ये शाळा उघडली की आमची एकदोन यंत्रं हमखास ‘मेलेली’ असायची. त्यातली कितीतरी मी या खोडरबराने उठवली आहेत.

त्यानंतर जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी ही जास्त वेगवान डिस्क बसवून घ्या. नव्या संगणकाच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. आणि त्यावर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली घाला. लिनक्स फुकट आहे, आणि बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, म्हणजे आवडलं नाही तर आतलं काही हलत नाही. फक्त त्याआधी यादीची आणि वर्गणीची फाइल दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. यादी एक्सेलमध्ये असेल तर लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. पुढे पुस्तकं वाढली तर कोहा नावाचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात 2000 साली सुरू झालेलं आणि तेही मोफत. कोहा म्हणजे तिथल्या माओरी भाषेत भेटवस्तू.

‘लिनक्स आपल्या माणसांना झेपणार नाही’ हे मी वीस वर्षं ऐकत आले. केरळात सरकारी शाळांतली लाखो मुलं त्याच्यावरच शिकतात. केंद्र सरकारने 2015 साली मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलं, त्यालाही आता दशक उलटलं. तरी आमच्याकडे अनुदान मागताना नव्या यंत्राचं कोटेशन जोडावं लागतं, जुन्याच्या दुरुस्तीचं कोणी विचारत नाही. तुम्ही अर्ज कराल तेव्हा दुरुस्तीचाच करा, आणि नाकारला तर मला कळवा. मला त्यावर लिहायचं आहे.

प्रश्न : आमच्या गावात देवाच्या जत्रेला हौशी मंडळी मराठी नाटक करतात. माझ्या वडिलांनी 1999 ते 2008 या काळात गावासाठी सात नाटकं लिहिली आणि म्हापशाला एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली. वडील आता नाहीत. वह्या वाळवीने खाल्ल्या. सीडीवर फायली आहेत, पण उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. एक जण म्हणाला व्हायरस आहे, सीडी टाकून दे. एका पानाचा फोटो पाठवत आहे. यातून काही वाचेल का?
– एक मुलगा, केरी, सत्तरी

उत्तर : वाचेल. सगळं वाचेल.

तुमचा फोटो मी मोठा करून बघितला. तिसऱ्या ओळीच्या शेवटी व्ही, के, जी, एस अशी चार इंग्रजी अक्षरं आहेत. पाचव्या ओळीच्या शेवटी तीच, खाली आणखी दोनदा तीच. ती दिसली आणि माझ्या जिवात जीव आला. कृतिदेव फाँटमध्ये व्ही म्हणजे अ, के म्हणजे काना, जी म्हणजे ह आणि एस म्हणजे मात्रा. तो शब्द ‘आहे’ आहे. तुमच्या वडिलांची वाक्यं जशीच्या तशी तिथे आहेत, वरचा फक्त पोशाख उतरला आहे.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा कोणी व्हायरस म्हणाला तर घाबरायला नको. त्या काळचे कृतिदेव, श्रीलिपी, आकृती असे फाँट संगणकाला चकवायचे. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असायची. फाँट त्यांचं चित्र तेवढं देवनागरी काढायचा. ‘भारत’ टाइप केलं की फाइलमध्ये एच, के, के, जे, आर साठायचं. फाँट असलेल्या संगणकावर भारत, नसलेल्यावर खिचडी. आणि प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा, त्यामुळे एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात वाचता यायची नाही. टाइप करणाऱ्याला दोष देऊ नका. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, देवनागरीला 1991 सालीच जागा मिळाली होती, पण विंडोजमध्ये देवनागरी नीट दिसू लागली ती विंडोज 2000 पासून, आणि आपल्या गावांत पोचायला त्यापुढे कितीतरी वर्षं गेली. 1999 साली त्या माणसाकडे दुसरा मार्गच नव्हता.

आता काम. सीडीला हात लावताना कडेने धरा. डाग असेल तर मऊ सुती कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पुसा, गोल गोल फिरवू नका. सगळ्या फायली आधी पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसरी प्रत एखाद्या नातेवाइकाच्या संगणकावर ठेवा. हे होईपर्यंत एकही फाइल उघडून सेव्ह करू नका.

मग वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडा आणि मजकुरावर क्लिक करा. फाँट संगणकात नसला तरी वरच्या चौकटीत त्याचं नाव दिसतं. सातही फायलींत ते बघून कागदावर लिहा. दहा वर्षांत डीटीपीवाल्याने फाँट बदलला असण्याची शक्यता खूप. तो तो फाँट मिळवून बसवा, नाटक वाचता आलं की त्याच क्षणी त्याची पीडीएफ करा आणि एक प्रत छापून घ्या. ती तुमची मूळ संहिता. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली असतील तर त्या वर्डमध्ये उघडणार नाहीत. जुनं पेजमेकर किंवा सीएस 6 पर्यंतचं इनडिझाइन ज्याच्याकडे अजून चालू आहे असा छापखाना शोधावा लागेल. म्हापशात आणि फोंड्यात जुने छापखानेवाले आहेत, विचारा. माणसं अशा कामाला नाही म्हणत नाहीत.

यानंतर युनिकोडमध्ये बदल. ज्या फाँटची फाइल त्याच फाँटचा कन्व्हर्टर लागतो. कृतिदेवचे मोफत मिळतात. आणि इथे डोळ्यांत तेल घालून बसावं लागेल, कारण दोन ठिकाणी हमखास घसरण होते. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते. रफाराचं बरोबर उलटं, जुन्यात नंतर, नव्यात आधी. त्यामुळे ‘कार्तिकी’सारख्या शब्दात दोन्ही एकदम आले की हलक्या कन्व्हर्टरमधून ‘कातिर्की’ असं काहीतरी बाहेर पडतं. एकाने छापील प्रतीवरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. तुमच्या गावात वडिलांच्या नाटकात काम केलेली माणसं असतीलच, त्यांनाच वाचायला बसवा. आपापला संवाद ती चुकू देणार नाहीत, आणि कागदावर आलाच नाही असा एखादा आयत्या वेळचा संवादही सांगतील.

या पत्राने मला माझीच एक गोष्ट आठवली. आमच्या शाळेने निकालपत्रकांसाठी एका छोट्या कंपनीकडून सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. गुण भरायचे, बटण दाबायचं, पत्रक तयार. आठ वर्षं छान चाललं. मग कंपनी बंद पडली, संगणक बदलला, आणि नव्या संगणकावर ते सॉफ्टवेअर चालेना. गुण त्याच्याच वेगळ्या फाइलमध्ये होते, ती दुसऱ्या कशानेच उघडेना. जुन्या दाखल्यासाठी एक माजी विद्यार्थी आला, त्याला परदेशी नोकरीसाठी नववीचे गुण हवे होते. मी आणि शाळेचा कारकून तीन दिवस माळ्यावरच्या ओल्या कागदांत शोधत बसलो. कागद सापडला. पण त्या आठ वर्षांतल्या काही वर्गांचे कागदही गेले होते, आणि ती मुलं आली असती तर मी काय सांगितलं असतं? पैसे शाळेचे, मुलं आमची, गुण आम्ही दिलेले, आणि ते बघायची किल्ली मात्र बंद पडलेल्या कंपनीकडे. तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर घेताना मी पहिला प्रश्न एकच विचारते : यातला माझा मजकूर साध्या फाइलमध्ये बाहेर काढून द्याल का? विक्रेता अडखळला तर मी उठते.

जी संस्था नाटकाला अनुदान देते, स्पर्धा भरवते, तिने संहितेची युनिकोड प्रत मागून घेऊन जपून ठेवावी असं मला फार वाटतं. गोव्यात जत्रेजत्रेला मराठी नाटक होतं, आणि त्यातली किती नाटकं अशा सीड्यांवर अडकून पडली असतील. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी या पावसाळ्याआधी त्या बाहेर काढाव्यात.

प्रश्न : टीचर, माझा मुलगा आठवीत आहे. मेच्या सुट्टीत मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेममध्ये त्याने माझ्या फोनवरून थोडे थोडे करून 6,400 रुपये घातले. मिळालं काय, तर बंदुकीला सोनेरी रंग आणि गेममधले कपडे. घरचे म्हणतात फोन फोड. शेजारी म्हणतात कायद्याने सगळे गेम बंद झालेत, पोलिसांत जा. मला रात्री झोप लागत नाही.
– एक आई, वास्को

उत्तर : ताई, फोन फोडू नका आणि पोलिसांतही जाऊ नका. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांसाठी आहे, म्हणजे रमी, पोकर, फँटसी संघ वगैरे. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, तर त्याच कायद्याने मान्यता दिली. तुमच्या मुलाने पैसे देऊन रंग घेतला, त्यातून पैसे परत यायचे नव्हते. तो या बंदीत येत नाही.

आजच्या आज तीन गोष्टी करा. यूपीआयचा पिन बदला, आणि मुलाची जन्मतारीख तर मुळीच ठेवू नका, मुलं पहिली तीच टाकून बघतात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागण्याची सोय आहे, ती चालू करा. आणि तिथेच व्यवहारांच्या यादीतून परतफेडीची विनंती करा. वेळ गेला तसा पैसा परत मिळणं अवघड होतं, तरी विनंती करून बघा.

आता मुलाबद्दल. माझा भाचा याच वयात असाच अडकला होता. मी त्याला ओरडले नाही, कागद-पेन दिलं. गेममध्ये रुपये दिसत नाहीत, रत्नं दिसतात. समजा बक्षिसाची एक बंद पेटी उघडायला 60 रत्नं लागतात, आणि विकत मिळतात ती 50 च्या आणि 100 च्या पुडीत. म्हणजे बहुतेक वेळा काही उरतात, आणि उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून परत घ्यायची. पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही. त्याने दोन महिन्यांच्या पेट्या आठवून लिहिल्या, रत्नांचे रुपये केले, खाली रेघ ओढून बेरीज केली. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘आत्या, ह्यात चांगली बॅट आली असती.’ तो अजून गेम खेळतो. पेट्या उघडत नाही.

न दिसणाऱ्या वस्तूसाठी पैसे टाकायचे आणि नशीब बघायचं, याला मी जुगारच म्हणते. बेल्जियमने 2018 मध्ये अशा पेट्यांना जुगाराच्याच कायद्यात बसवलं. आपल्या गोवा सरकारने गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला 2020 मध्ये बंदी केली. संध्याकाळी पणजीला मांडवीच्या काठावर उभं राहिलं की त्या कॅसिनोच्या बोटींचे दिवे डोळ्यांत येतात. आमच्या मुलाला त्या बोटीवर चढू देत नाही, ठीकच आहे, पण तेच चक्र त्याच्या हातातल्या फोनवर फिरतं त्याचं काय? 18 च्या आतल्या मुलांना अशी पेटी विकायला सरळ मनाई हवी. चीनने 2021 मध्ये मुलांना आठवड्याला तीनच तास अशी तासांची मर्यादा घातली. ती मला पटत नाही. तासांचं आईबाप बघतील, पैशांचं दार मात्र सरकारने बंद करावं.

आणि ताई, खेळावर राग धरू नका. 2025 च्या नोव्हेंबरात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला तेव्हा हाच भाचा दुपारपासून मोबाइलवर डाव बघत बसायचा, आणि मी त्याला एकदाही उठवलं नाही.

प्रश्न : जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचं आडनाव पोर्तुगीज पद्धतीने आहे, माझ्या आधारवर इंग्रजी पद्धतीने. एका ऑनलाइन सेवेसाठी केलेला अर्ज ‘नाव जुळत नाही’ म्हणून दोनदा परत आला. आडनाव नाईकच आहे, टीचर!
– एक शेतकरी, सांगे

उत्तर : दादा, तुमचं आडनाव नाईकच आहे, आणि आजोबांचंही तेच होतं. पोर्तुगालने 1911 च्या शुद्धलेखन सुधारणेत के हे अक्षर वर्णमालेतून काढून टाकलं, म्हणून दप्तरात क साठी कुठे सी आला, कुठे क्यू-यू. श साठी एक्स. शिरोडकर एक्सने सुरू होतो, आणि नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई येतं. माणसाला हे बघताक्षणी कळतं. संगणक मात्र अक्षराला अक्षर लावून बघतो.

दोन्ही स्पेलिंगं एकाच घराण्याची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडे करून घ्या. त्यात दोन्ही स्पेलिंगं उताऱ्यावर आणि आधारवर आहेत तशी, एक अक्षरही इकडेतिकडे न होता, लिहा. वडिलांचा जन्मदाखला जोडा, मधला दुवा तोच असतो. अर्ज पुन्हा परत आला तर कारण लेखी मागा, नाही मिळालं तर माहिती हक्काखाली अर्ज द्या. गोव्याने तो कायदा देशाच्या आधी, 1997 मध्येच केला होता, तो वापरायला संकोच नको.

मला राग येतो तो याचा, की 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी ही राज्याची भाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली, आणि अर्जावर तुमचं नाव देवनागरीत लिहायला मात्र चौकट नाही. ती एक चौकट असती तर नाईक आणि नाईक तिथल्या तिथे जुळले असते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला हे एका आठवड्याचं काम आहे. मागणी करणारं कोणीतरी हवं. ग्रामसभेत हा विषय मांडा, ठराव लिहून घ्या.

प्रश्न : मी ‘दऱ्या’ लिहायला जाते आणि ‘दर्या’ होतो. सत्तरीतल्या डोंगरदऱ्यांवर लेख लिहिला, त्यात चार ठिकाणी समुद्र आला.
– एक विद्यार्थिनी, वाळपई

उत्तर : बाळ, युनिकोडमध्ये दोन र आहेत. एक साधा, त्याचा पाय मोडला की रफार होऊन वर चढतो. दुसरा खाली नुक्ता असलेला, त्याचा पाय मोडला की तो आडवा होऊन शेजारच्या अक्षराला चिकटतो. इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या कळफलकावर साधा र ‘जे’वर आहे, दुसरा शिफ्ट धरून त्याच ‘जे’वर. म्हणून शिफ्ट-जे, मग पाय मोडायला डी, मग य साठी स्लॅश. दहा वेळा ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’, ‘आचाऱ्यांना’ लिही, बोटांना कळेल. लेख मासिकाकडे पाठवण्याआधी ते चारही समुद्र काढ.